बिल्ला हरवला की माणूस नवा

महाराष्ट्र शासनाच्या एखाद्या विभागाचं संकेतस्थळ उघडून पार तळापर्यंत गेलात, तर तिथे बहुधा दोन आकडे दिसतात: ‘एकूण दर्शक’ आणि ‘आजचे दर्शक’. मला ते आकडे वाचायची खोड आहे. पानावर काय लिहिलंय ते नंतर, आधी तळाचा आकडा. तो मोठा असला की बरं वाटतं आणि लगेच शंका येते. दर्शक म्हणजे नेमकं कोण? मी आज तेच पान तीनदा उघडलं, तर मी एक की तीन? माझ्या आधी गूगलचं यंत्र ते पान चाळून गेलं, ते दर्शकांत धरलं का? आणि रेंज गेल्यामुळे पान पुरतं उघडायच्या आतच परतलेला बिचारा?

या शंकांची उत्तरं देण्याचा एक अख्खा धंदा गेली तीस वर्षं चालू आहे. त्याला वेब ॲनालिटिक्स म्हणतात. त्यात कोट्यवधी डॉलर आहेत, वार्षिक मेळावे आहेत, बक्षिसं आहेत आणि भरपूर भांडणं आहेत. बाहेरून वाटतं, हे सगळं मोजणीचं काम. मोजणी यंत्र करतं, ती मुकाट होते. माणसं भांडतात ती व्याख्येवरून. दरवर्षी ‘नवं फीचर’ म्हणून जे वाजतगाजत जाहीर होतं, त्याचं वरचं वेष्टण काढलं की आत बहुतेक वेळा एखादी बदललेली व्याख्या सापडते.

सुरुवातीला मोजणारं असं वेगळं काही नव्हतं. वेबसाइट ज्या सर्व्हरवर असते तो आपली रोजकीर्द लिहीत बसायचा, आजही लिहितो. कुठल्या पत्त्यावरून मागणी आली, किती वाजता, कुठली फाइल मागितली, सापडली की नाही (सापडली तर २००, नाही तर कुप्रसिद्ध ४०४) आणि किती बाइट पाठवले, अशी एका मागणीला एक ओळ. याला लॉग म्हणतात. या कीर्दीची बेरीज-वजाबाकी करून देणारे प्रोग्रॅम पुढे आले. केंब्रिज विद्यापीठाच्या संख्याशास्त्र प्रयोगशाळेत असताना स्टीफन टर्नर यांनी १९९५ साली काढलेला ‘ॲनालॉग’ त्यांतला एक गाजलेला, आणि फुकट.

पण कीर्दीतली एक ओळ म्हणजे एक मागणी. पानावर बारा चित्रं असतील, तर पानाची एक आणि चित्रांच्या बारा अशा तेरा ओळी पडायच्या. या प्रत्येक ओळीला ‘हिट’ म्हणत. त्या काळात कंपन्यांचे साहेब छाती फुगवून सांगायचे, आमच्या साइटला महिन्याला दहा लाख हिट्स. आकडा वाढवायचा तर सोपं होतं, पानावर आणखी चार चित्रं टाकायची. या धंद्यात तेव्हापासून एक विनोद आहे, की ‘हिट्स’ या शब्दाची इंग्रजी अक्षरं सोडवली तर ‘मूर्ख लोक यश कसं मोजतात’ असं निघतं.

मराठी माणसाने लॉग उघडला तर त्याला आणखी एक गंमत दिसते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात लिहिताना त्यातल्या प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. म्हणजे ‘अ’ हे एक अक्षर लॉगमध्ये ‘%ई०%ए४%८५’ असं रोमन लिपीत पसरतं. ‘अनारसे’ हा शब्द, काना-मात्रा धरून सहा चिन्हांचा, चोपन्न चिन्हांची माळ होऊन बसतो. हा अनारसा पुढे पुन्हा येणार आहे.

हिट्सचा फुगा फुटल्यावरही मूळ अडचण राहिलीच. माणूस ओळखायचा कसा? इंटरनेटवरचा पत्ता माणसाचा नसतो. अख्खं ऑफिस एकाच पत्त्यावरून बाहेर पडतं, उलट घरातला एकटा माणूस राउटर बंद करून चालू केला की नव्या पत्त्याने येऊ शकतो. इथे मला देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड आठवतो. आत किती भाविक गेले हे स्टँडवाल्याला ठाऊक नसतं, त्याला जोड ठाऊक असतात. तो प्रत्येकाच्या हातात नंबराचा बिल्ला देतो, आणि तुम्ही परत आलात की बिल्ल्यावरून ओळखतो. चेहऱ्याशी त्याला कर्तव्य नसतं.

वेबवरचा हा बिल्ला म्हणजे कुकी. नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ती कल्पना काढली. एका दूरसंचार कंपनीला ऑनलाइन दुकान हवं होतं आणि गिऱ्हाइकाच्या टोपलीत काय काय आहे हे लक्षात ठेवायला जागा हवी होती. ब्राउझरला कायमचा ओळख क्रमांक देऊन टाकणं सोपं होतं, पण मग सगळ्याच साइट्सना तोच क्रमांक दिसला असता आणि माणसाचा माग काढता आला असता. ते नको म्हणून प्रत्येक साइटने आपापला बिल्ला द्यायचा, असं ठरलं. माग काढता येऊ नये म्हणून शोधलेली वस्तू पुढे माग काढण्यासाठीच बदनाम झाली. कुकीचा पहिला प्रत्यक्ष वापर कशासाठी झाला? नेटस्केपच्या साइटवर आलेला माणूस आधी येऊन गेला होता का, एवढंच पाहायला. म्हणजे ॲनालिटिक्ससाठीच.

बिल्ल्याची गोम मात्र स्टँडवर बसलेल्या पोऱ्यालाही कळेल. बिल्ला हरवला की माणूस नवा. मी सकाळी मोबाइलवर, दुपारी ऑफिसच्या संगणकावर आणि रात्री टॅबवर तेच पान वाचलं, तर माझ्याकडे तीन बिल्ले, म्हणजे मी तिघे. उलट गावाकडे एकच फोन घरातले चौघे वापरतात, ते चौघे मिळून एक. ‘युनिक व्हिजिटर’ म्हणजे अनन्य पाहुणा, असं ज्याला इतक्या थाटात म्हणतात तो अनन्यही नसतो आणि कधीकधी पाहुणाही नसतो.

हाच प्रश्न घेऊन २००२ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा या समुद्रकाठच्या गावात काही मंडळी जमली. बोलावणारे होते जिम स्टर्न, वेबवरच्या विपणनाविषयी लिहिणारे सल्लागार. मेळाव्याचं नाव होतं ‘ई-मेट्रिक्स समिट’. जमलेले लोक थोडे होते आणि त्यांतल्या अनेकांना आपापल्या कंपनीत आपलं काम समजणारं दुसरं कोणी नव्हतं. आजही या क्षेत्रातल्या माणसांशी बोललं की हे एकटेपण जाणवतं. कंपनीत हिशेब तपासणारे पाच असतात, विकणारे पन्नास, आणि ‘हा आकडा खोटा आहे’ असं सांगणारा एखादाच. त्याला महिन्यातून एकदा तरी आपल्या जातीचा माणूस भेटावा लागतो.

त्या मेळाव्यांतून २००४ मध्ये वेब ॲनालिटिक्स असोसिएशन ही संघटना उभी राहिली, जिचं नाव पुढे डिजिटल ॲनालिटिक्स असोसिएशन झालं. तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे व्याख्या लिहिणं. पान पाहणं म्हणजे काय, भेट म्हणजे काय, अनन्य पाहुणा म्हणजे काय. वाचायला हे शाळेच्या पुस्तकासारखं वाटतं. पण तेव्हा दोन कंपन्यांची दोन मोजणीयंत्रं एकाच साइटवर बसवली, तर ती एकाच दिवसाचे दोन वेगळे आकडे देत, आणि दोन्ही कंपन्या आपलाच बरोबर म्हणून शपथ घेत. अर्धा तास हालचाल झाली नाही तर भेट संपली, हा आज सर्वत्र चालणारा नियम घ्या. तीस मिनिटंच का? वीस का नाही? कुठलंही नैसर्गिक कारण नाही. सगळ्यांनी मिळून मानलं म्हणून ते खरं. घड्याळाने एक वाजला म्हणायचं तसंच.

मेळाव्यांचे पुढे दोन घाट पडले. एक कंपन्यांचा. यूटा राज्यात १९९६ साली सुरू झालेली ओम्निचर ही कंपनी सॉल्ट लेक सिटीत आपल्या गिऱ्हाइकांचा वार्षिक सोहळा भरवायची. ॲडोबीने २००९ मध्ये सुमारे १.८ अब्ज डॉलरला ती विकत घेतली आणि तो सोहळा ‘ॲडोबी समिट’ झाला, पुढे लास व्हेगासला गेला. व्हेगासला जाणं साहजिकच होतं. तिथला ‘स्नीक्स’ नावाचा कार्यक्रम मला आवडतो. कंपनीचे अभियंते अजून बाजारात न आलेल्या कल्पना रंगमंचावर करून दाखवतात, सोबत एखादा प्रसिद्ध विनोदी नट असतो, आणि प्रेक्षक टाळ्या देऊन कौल देतात. दाखवलेल्यांतलं सगळंच पुढे विकायला येतं असं नाही. नाटकाच्या रंगीत तालमीला पाहुणे बोलवावेत तसा हा प्रकार.

दुसरा घाट कामगारांचा. २००५ च्या सुमारास एरिक पीटरसन यांच्या पुढाकाराने ‘वेब ॲनालिटिक्स वेन्सडे’ सुरू झाले. बुधवारी संध्याकाळी आपापल्या शहरातल्या एखाद्या बारमध्ये जमायचं आणि बोलायचं, बस्स. २०१२ मध्ये लंडनला ‘मेझरकॅम्प’ निघाला. हा भरतो शनिवारी, प्रवेश फुकट, आणि कार्यक्रमपत्रिका आधी छापलेली नसते. सकाळी भिंतीवर एक रिकामा तक्ता लावतात, ज्याला बोलायचंय त्याने चिठ्ठीवर विषय लिहून चिकटवायचा. माल विकायला बंदी. शनिवार मुद्दाम निवडलेला आहे, साहेबाने पाठवलं म्हणून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी येत नाही. हा नमुना पुढे कितीतरी शहरांनी उचलला.

आणि तिसरा एक, कुठल्याच घाटात न बसणारा, हंगेरीत. गॅल्यातेतो नावाच्या डोंगरावर ऐन हिवाळ्यात ‘सुपरवीक’ भरतो. बाहेर बर्फ, रात्री मोठी शेकोटी, आणि तिच्याभोवती कोंडाळं करून कुकीच्या आयुर्मर्यादेवर वाद घालणारी माणसं. इथल्या बक्षिसाचं नाव ‘सोनेरी पंचकार्ड’. हंगेरीच का, तर त्या देशाला या धंद्यात जुनी ओळख आहे. बुडापेस्टच्या ‘इंडेक्सटूल्स’ला याहूने २००८ मध्ये विकत घेतलं होतं. चार वर्षांत ते बंदही केलं, तो भाग वेगळा.

या सगळ्या वर्तुळात सर्वांत गाजलेला आवाज एका भारतीय माणसाचा आहे. अविनाश कौशिक यांची २००७ आणि २००९ ची दोन पुस्तकं या क्षेत्रात येणाऱ्या एका पिढीने पाठ्यपुस्तकासारखी वाचली. ‘हिप्पो’ हा शब्द त्यांनी घराघरांत नव्हे, पण ऑफिसाऑफिसांत पोचवला. हिप्पो म्हणजे पाणघोडा, आणि इंग्रजी आद्याक्षरांनी ‘सर्वाधिक पगार घेणाऱ्याचं मत’. बैठकीत कितीही आकडे ठेवा, शेवटी बटण कुठल्या रंगाचं असावं ते हिप्पो ठरवतो. आपल्याकडे यासाठी वेगळा शब्द लागत नाही, ‘साहेब म्हणाले’ एवढं पुरतं.

या मेळाव्यांवर सर्वांत मोठी सावली पडली ती २००५ च्या नोव्हेंबरात. गूगलने त्याच वर्षी सॅन डिएगोची अर्चिन ही कंपनी विकत घेतली होती. १४ नोव्हेंबरला तिचं मोजणीयंत्र ‘गूगल ॲनालिटिक्स’ या नावाने सर्वांना फुकट खुलं झालं. तोवर अशा सेवेला चांगले पैसे पडत. झुंबड एवढी उडाली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली, आणि दार पूर्ण उघडायला पुढचा ऑगस्ट उजाडला. अर्चिन नाव गेलं, पण एक जीवाश्म मागे राहिला. जाहिरातीतल्या किंवा बातमीपत्रातल्या लिंकच्या शेपटीला ‘यूटीएम’ या अक्षरांनी सुरू होणारी लांबलचक माळ तुम्ही पाहिली असेल. हा वाचक कुठून आला हे त्या माळेत लिहिलेलं असतं. यूटीएम म्हणजे अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल. वीस वर्षांपूर्वी विकल्या गेलेल्या कंपनीचं नाव आपण रोज व्हॉट्सॲपवर पुढे ढकलत असतो.

मोजण्याची जागाही बदलली. आता सर्व्हरची कीर्द नको, पानातच एक छोटा कोड बसवायचा. वाचकाच्या ब्राउझरमध्ये पान उघडलं की तो कोड चालतो आणि गूगलला निरोप धाडतो. यामुळे यंत्रांची बरीच वर्दळ आपोआप गाळली गेली, कारण साधी यंत्रं पान नेतात पण त्यातला कोड चालवत नाहीत. हे लक्षात ठेवा.

यानंतरची काही वर्षं मी भराभर ओलांडतो. सप्टेंबर २०११ मध्ये गूगलने ‘या क्षणी किती जण आहेत’ हे दाखवायला सुरुवात केली. चार्टबीट नावाची कंपनी वृत्तसंस्थांना हे आधीपासून पुरवत होती. संपादकांच्या खोलीत हा हलता आकडा आला आणि मथळे त्याच्याकडे बघून लिहिले जाऊ लागले, त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल आणि तो रागाने लिहावा लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरात उलटं घडलं. गूगलवर काय शोधून माणूस आपल्या पानावर आला ते शब्द साइटमालकाला दिसत असत, ते झाकले जाऊ लागले आणि २०१३ पर्यंत जवळपास सगळे दिसेनासे झाले. जागेवर उरले दोन शब्द, ‘नॉट प्रोव्हायडेड’. नवं फीचर देण्याबरोबर जुनं काढून घेणं हेही या धंद्यात वारंवार होतं, फक्त त्यासाठी रंगमंच उभारत नाहीत.

आता जुलै २०२३. पुण्यात माझा एक मित्र पाककृतींची मराठी साइट चालवतो. सकाळीच त्याचा फोन. “अरे, माझे वाचक एका रात्रीत एवढे गुणी कसे झाले?” आदल्या दिवसापर्यंत दहातले आठ जण एक पान पाहून चालते व्हायचे. आता निम्मेसुद्धा जात नव्हते. पाककृती त्याच, फोटोही तेच.

झालं होतं असं, की १ जुलैला गूगलने जुनं ‘युनिव्हर्सल ॲनालिटिक्स’ बंद केलं आणि २०२० पासून शेजारी उभं असलेलं ‘गूगल ॲनालिटिक्स ४’ एवढंच उरलं. मित्राने शेवटच्या दिवसापर्यंत जुनंच पाहिलं होतं, आपल्याकडे मुदत म्हणजे सुरुवात. जुन्या पद्धतीत पान उघडण्याला महत्त्व होतं. एक पान उघडलं, दुसरं उघडलं नाही, तर तो ‘बाउन्स’, म्हणजे उंबऱ्यावरून परतलेला. त्याने ते एक पान चुलीशेजारी मोबाइल उभा करून पाऊण तास वाचलं असलं तरीही. आणि वेळ मोजायची रीत तर भलतीच. पहिलं पान दहा वाजता आणि दुसरं दहा वाजून चार मिनिटांनी उघडलं, म्हणून पहिल्यावर चार मिनिटं. मग दुसऱ्यावर किती? पुढचा निरोपच आला नाही, म्हणून शून्य. प्रत्येक भेटीतलं शेवटचं पान शून्य वेळाचं धरलं जाई. ज्या पानावर माणूस रमला आणि तिथूनच समाधानाने निघून गेला, नेमकं तेच पान हिशेबात नापास.

नव्या पद्धतीत पान उघडणं हीसुद्धा बाकीच्यांसारखी एक घटना. खाली सरकणं, व्हिडिओ लावणं, फाइल उतरवणं, सगळ्या घटना एका रांगेत. पान नुसतं उघडं आहे की डोळ्यासमोर आहे, हेही पाहिलं जातं. आणि भेट ‘गुंतलेली’ केव्हा मानायची? दहा सेकंदांहून जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली, किंवा साइटमालकाने महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती घडली, तर. गंमत म्हणजे सुरुवातीला गूगलने बाउन्सचा आकडा काढूनच टाकला होता. लोकांनी एवढा गलका केला की जुलै २०२२ मध्ये तो परत आणला, पण नाव तेच ठेवून अर्थ बदलला. आता बाउन्स म्हणजे जी भेट गुंतलेली नाही ती. मित्राच्या वाचकांनी काहीच केलं नव्हतं. पास होण्याची अट बदलली होती.

दहा सेकंद हा आकडा फार उदार आहे, असं मला वाटतं. चार्टबीटचे टोनी हेल यांनी २०१४ मध्ये कोट्यवधी भेटींचा हिशेब मांडून दाखवलं होतं, की ५५ टक्के वेळा पानाकडे पंधरा सेकंदसुद्धा धड लक्ष दिलं जात नाही. दहा सेकंदांत अनारशाची कृती वाचून होत नाही, गूळ किती घ्यायचा तिथपर्यंतसुद्धा माणूस पोचत नाही. पण रेघ कुठेतरी ओढावी लागते, आणि ज्याचं यंत्र तो रेघ ओढतो. या बदलातली एक गोष्ट मात्र मनापासून स्वागताची होती. कच्ची नोंद जशीच्या तशी आपल्या ताब्यात घेण्याची सोय आधी वर्षाला दीड लाख डॉलर दराने सुरू झालेल्या श्रीमंती आवृत्तीतच होती, ती फुकटवाल्यांनाही मिळाली.

आणि पडद्यावर दिसणारी वापरकर्त्यांची संख्या? तीही मोजलेली नसते, अंदाजलेली असते. गूगल हे लपवत नाही, त्याच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. त्यामागची युक्ती इतकी सुंदर आहे की इथे जरा थांबायलाच हवं. अडचण अशी, की ‘वेगवेगळे’ किती आले हे अचूक सांगायचं तर आलेल्या प्रत्येक बिल्ल्याची यादी ठेवावी लागते आणि नवा बिल्ला यादीत आहे का हे दर वेळी तपासावं लागतं. कोटींमध्ये हे फार महाग पडतं. फिलिप फ्लाजोले या फ्रेंच गणितज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘हायपरलॉगलॉग’ नावाची वाट दाखवली.

समजा, एक मुलगा येऊन म्हणाला, “मी नाणं उडवत होतो, एकदा सलग दहा वेळा छापा पडला.” तुम्ही लगेच ओळखाल, की पठ्ठ्याने हजारभर वेळा तरी खेळ मांडला असणार, कारण सलग दहा छापे साधारण १,०२४ डावांत एकदा पडतात. तसंच इथे. प्रत्येक बिल्ल्याच्या नंबराचं एका ठरलेल्या रीतीने शून्य-एकच्या माळेत रूपांतर करायचं. माळेच्या सुरुवातीला सलग किती शून्यं आली ते बघायचं आणि आजवरची सर्वांत लांब रांग तेवढी लक्षात ठेवायची. यादी नाही, नावं नाहीत, एक छोटा आकडा. तोच माणूस शंभरदा आला तरी त्याची माळ तीच, म्हणून त्याच्याने फरक पडत नाही. नशिबाने एखादी रांग भलती लांब पडू नये म्हणून बिल्ले अनेक गटांत वाटून सरासरी काढतात. मूळ शोधनिबंधाचा दावा असा, की दीड किलोबाइट स्मरणात अब्जावर वेगवेगळ्या गोष्टी सुमारे दोन टक्के चुकीने मोजता येतात. दीड किलोबाइटमध्ये या परिच्छेदाचा जेमतेम पाऊण भाग मावेल.

मराठी साइटवाल्यांना छळणारी एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. वाचक कुठून आला, या रकान्यात ‘डायरेक्ट’ असा एक डबा असतो. म्हणजे पत्ता थेट टाइप करून आला. आता अनारशाच्या पानाचा भलामोठा पत्ता, वर पाहिलेली ती चोपन्न चिन्हांची माळ, कोण टाइप करणार? पण दिवाळीच्या आठवड्यात मित्राच्या साइटवर या डब्यात झुंबड असते. ती सगळी व्हॉट्सॲपची. मावशीने कुटुंबाच्या ग्रुपवर लिंक टाकली, तिथून वहिनीने माहेरच्या ग्रुपवर. ॲपमधून दाबलेली लिंक बहुतेक वेळा मागचा पत्ता सांगत नाही, मग यंत्राला वाटतं माणूस आपल्याच मनाने आला. अमेरिकेत ‘ॲटलांटिक’ मासिकाचे अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये या अदृश्य वाटेला ‘डार्क सोशल’ असं नाव दिलं. आपल्याकडे हीच हमरस्त्याची वाट आहे, आणि अहवालात तिचं नावही नाही.

गेल्या काही वर्षांत बिल्लाच संकटात आला. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ पासून, पानातल्या कोडने दिलेले बिल्ले सात दिवसांत फेकून द्यायला सुरुवात केली. दर रविवारी न चुकता येणारा वाचक कसाबसा ओळखला जातो, पंधरा दिवसांनी येणारा कायमचा नवा. युरोपात २०१८ चा खासगी माहितीचा कायदा आला, आणि २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या नियामकाने एका प्रकरणात गूगल ॲनालिटिक्सचा वापर त्या कायद्यात बसत नाही असं ठरवलं, कारण माहिती अमेरिकेत जात होती. फ्रान्स आणि इटली मागोमाग आले. त्या दिवसांत शेकोटीभोवतीच्या चर्चांत वकिलांची संख्या वाढली असणार. २०२३ मध्ये युरोप-अमेरिकेत नवा करार झाला आणि तणाव सैलावला. दरम्यान कुकीशिवायही चालू शकणारी यंत्रं पुढे आली, एस्टोनियातलं ‘प्लॉझिबल’ किंवा आपल्याच सर्व्हरवर बसवता येणारं ‘माटोमो’. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचता येण्याचा हक्क आहे. म्हणजे ‘ॲक्सेप्ट ऑल’ला एक बरा मराठी शब्द शोधायची वेळ आली आहे. ‘सगळं मान्य’ असं भोळं भाषांतर झालं तर मी तरी दाबणार नाही.

नाही म्हणणाऱ्यांचं काय करायचं, यावर गूगलचं उत्तर असं, की त्यांना बिल्ला द्यायचा नाही, पण कोणीतरी आलं होतं एवढा निरोप घ्यायचा, आणि हो म्हणणाऱ्यांच्या वागण्यावरून नाही म्हणणाऱ्यांचा अंदाज बांधायचा. या अंदाजासाठी पुरेशी गर्दी लागते, दोन्ही बाजूंना दिवसाला किमान हजाराच्या घरात. तेवढी नसेल तर नकार देणारे वाचक संख्येतून नुसतेच गळतात. छोट्या साइटचा आकडा कमी दिसतो तो असा दुहेरी कारणाने.

यंत्रांचा उपद्रव जुना आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात जगभरच्या साइटमालकांना आपल्या अहवालात वाचकांच्या भाषांच्या यादीत, इंग्रजी-हिंदीच्या जोडीला, ट्रम्पना मत द्या अशा अर्थाचा मजकूर दिसू लागला. कोणी त्या साइट्सवर आलंच नव्हतं. एका स्पॅमवाल्याने गूगलच्या मोजणीयंत्राला परस्पर खोटे निरोप धाडले होते, चपला नसताना बिल्ले फाडल्यासारखे. आता आलेली यंत्रं वेगळी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे बॉट पान वाचून जातात आणि बहुतेक जण त्यातला कोड चालवत नाहीत, त्यामुळे ॲनालिटिक्सला ते आले-गेलेले कळतच नाहीत. कळतं फक्त सर्व्हरच्या जुन्या कीर्दीत. म्हणून वीस वर्षं अडगळीत पडलेले लॉग पुन्हा उघडले जात आहेत.

मागच्या दिवाळीनंतर मित्राकडे गेलो तेव्हा त्याने दोन गोष्टी दाखवल्या. एक, अनारशाच्या पानावर काही वाचक ज्या लिंकने आले होते तिच्या शेपटीला लिहिलेलं होतं, यूटीएम सोर्स, चॅटजीपीटी डॉट कॉम. अर्चिनची ती अक्षरं आता यंत्र स्वतःच चिकटवून माणसं पाठवतं. अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. मग त्याने लॉग उघडला. तिथे त्याच पानाच्या चोपन्न चिन्हांच्या माळेपुढे ‘जीपीटीबॉट’ हे नाव एकाखाली एक, कितीतरी ओळी.

“हा सारखा माझ्या अनारशांपाशी येतो,” तो म्हणाला. “हा गुंतलेला वाचक धरायचा का रे?”